मालकांचं पायताण

जुनी वस्तू आणि जुनी करून विकलेली वस्तू यांतला फरक आपल्याला शंभर पावलांवरून कळतो, असं विजयसिंह इंगवले यांचं स्वतःबद्दल मत होतं, आणि हे मत त्यांनी कधी कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं माल तपासला होता. "केसाएवढी चीर असली तरी मी लांबनं दाखवायचो!" ते सांगत. "मला कोण फसवतंय?"

फसवलं कुणीच नाही, हे खरं. पुढं जे झालं ते सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. आणि पायानं.

निवृत्तीनंतर ही नजर रिकामी बसेना. मग स्कूटरला किक मारून ते गावोगाव हिंडू लागले. हातकणंगल्याच्या बाजूला पितळी अडकित्ते मिळाले, कागलच्या बाजूला बैलांच्या घुंगरमाळा, कुठं लाकडी काठवट, कुठं शेवयांचा पाट. एकेक करत घर भरलं. त्यांच्या पत्नी संयोगिताबाई म्हणायच्या, "सोफ्यावर काठवट बसलीय. पावणं आलं तर त्यांना काय खुंटीला अडकवू?"

"संयोगिता, ह्या वस्तू नाहीत. हा हातांचा इतिहास हाय!"

"असू दे की. पर त्या इतिहासावरची धूळ माझ्या हातांनी पुसावी लागती."

यंदाच्या नवरात्रात विजयसिंहांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मंगळवार पेठेतला एक हॉल एका दिवसासाठी ठरला, तिसऱ्या माळेचा. त्यांची कल्पना अशी की, काचेच्या पेट्या अजिबात नकोत. "पेटीत वस्तू मरते! ती जिथं जगली तिथंच दिसली पायजे." म्हणजे जातं कोपऱ्यात, शेजारी सुपात जोंधळे. घुंगरमाळा खुंटीवर. आणि हॉलच्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडं, मुरगूडच्या चिमणाबाईंच्या मालकांचं पायताण.

हे पायताण म्हणजे प्रदर्शनाचा जीव होता. कापशी गावचं, हातानं शिवलेलं, साठेक वर्षांपूर्वीचं. वरची वेणी अजून जशीच्या तशी, बाजूचे कान शाबूत, आणि चाललं की करकर वाजणारं. चिमणाबाईंच्या मालकांनी ते लग्नाच्या वर्षी करून घेतलं होतं. गुळाची गाडी घेऊन ते कोल्हापूरला यायचे तेव्हा आणि जत्रा-लग्नात, एवढंच घालायचे. मालक जाऊन बारा वर्षं झाली होती. पायताण देवघराच्या खालच्या देवळीत होतं. विजयसिंहांनी तिथं तीन खेटे घातले, दोनदा विकत मागितलं, दोनदा चहा पिऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी ते नुसतं दाखवायला मागितलं. ऐंशीच्या पुढच्या चिमणाबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं.

"देतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका 'देते' म्हणत नाहीत. "पर खंडेनवमीच्या आत माघारी पायजे."

"आजी, जिवापेक्षा जास्त जपीन!"

"जीव तुमचा तुम्हास्नी असू दे. पायताण जपा."

"तुम्ही पण या की बघायला. सगळ्यात मानाच्या जागी ठेवणार हाय!"

विजयसिंहांनी पायताणाचं साल विचारलं, गाव विचारलं, कातडं कुठलं ते विचारलं आणि सगळं एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. खंडेनवमीच्या आतच का, हे तेवढं विचारलं नाही.

तिसऱ्या माळेला सकाळी अकरा वाजता उद्घाटन झालं. पाहुणे होते विश्वजितदादा, पेठेतलं मोठं प्रस्थ. पुढच्या निवडणुकीत तिकिटं कुणाला द्यायची हे दादा ठरवतात, असं सगळे म्हणत, आणि दादा ते नाकारत नसत. आत समई लावली होती, गालिचा अंथरला होता. आता समई आणि गालिचा दिसल्यावर कोल्हापूरचा माणूस काय करतो? दारात चपला काढतो! पहिल्या माणसानं उंबऱ्याजवळ एक जोड आधीच काढलेला पाहिला, त्याच्या शेजारी आपला काढला. दुसऱ्यानं त्याच्या शेजारी. बारापर्यंत तिथं चप्पल लाईनीतल्या दुकानासारखा ढीग लागला. पुठ्ठा कधीच कुणाच्या तरी सँडलखाली गेला होता. त्या पुठ्ठ्यावर शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'कृपया हात लावू नये.' पायांबद्दल त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

विजयसिंह आत होते. दादांबरोबर फोटो, अडकित्त्याबरोबर फोटो, दादांच्या हातात अडकित्ता देऊन फोटो. संध्याकाळी गर्दी पांगली, माणसं आपापल्या चपला घालून गेली, आणि उंबऱ्यापाशी उरला फक्त पुठ्ठा. त्यावर बुटाचा ठसा.

विजयसिंहांनी शोधाशोध सुरू केली. जात्याजवळ शोधलं, काठवटीत शोधलं, गालिचा उलटून पाहिला. पायताण नव्हतं.

"कुणीतरी चुकून घालून गेला असंल," संयोगिताबाई म्हणाल्या.

"मग त्याची चप्पल कुठाय? बदलून गेला असता तर त्याचा जोड मागं राहिला असता!" अठ्ठावीस वर्षांची नजर कामाला लागली. "एकही जोड शिल्लक नाही. म्हणजे काय? म्हणजे चोर अनवाणी आला होता!"

निष्कर्ष बिनतोड होता. अडचण एकच, नवरात्रात अर्धं कोल्हापूर अनवाणी असतं. नऊ दिवस पायात काही न घालायचं व्रत घराघरात असतं. चौथ्या माळेला विजयसिंह दिवसभर लोकांच्या पायांकडं बघत पेठेतून फिरले. दूधवाल्याचे पाय पाहिले, इस्त्रीवाल्याचे पाहिले. भाजीवाल्या अंबूबाईंनी शेवटी विचारलं, "काय हरवलंय काय वो, साहेब?"

याच वेळी मुरगूडहून एक फोन आला. चिमणाबाईंच्या पुतण्याचा नंबर. विजयसिंहांनी नंबर बघितला. काय सांगायचं म्हातारीला? त्यांनी मोबाईल वाजू दिला. दुपारी पुन्हा आला, तेव्हा त्यांनी तो उशीखाली ठेवला आणि वर स्वतः बसले.

रात्री उद्घाटनाचे फोटो बघताना त्यांना धक्का बसला. दादा आत येताना अनवाणी होते. आणि दादा बाहेर पडतानाच्या फोटोत सगळे होते, हार होता, समई होती, पण दादांचे पाय कापले गेले होते!

पाचव्या माळेला सकाळी ते दादांच्या बंगल्यावर पोचले. ओसरीवर आठ-दहा माणसं ताटकळत बसली होती. आणि आतून स्पष्ट आवाज येत होता. करकर. करकर.  विजयसिंह कुणाला न विचारता आत घुसले. दादा झोपाळ्यावर बसले होते, पाय झोपाळ्याखाली. विजयसिंह सरळ जमिनीवर आडवे झाले आणि त्यांनी दादांचे दोन्ही पाय धरून बाहेर ओढले.

पाय अनवाणी होते. करकरत होती ती झोपाळ्याची कडी.

"उठा, उठा, विजयसिंहराव!" दादा गहिवरले. "हे असं पाय धरायची काय गरज? कुठल्या वॉर्डातनं पायजे?"

"दादा, मी फक्त पाय बघायला आलतो..."

"कळलं की! समदी असंच म्हंत्यात. पर आमी आदी काम बघतो. जरा लोकांत फिरा. चार-आठ दिवस पायी फिरा, मग बोलू."

बाहेर ओसरीवरच्या आठ-दहा माणसांनी हे ऐकलं. विजयसिंह घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दारात दोघं जण गटारीची तक्रार घेऊन उभे होते.

अष्टमी तीन दिवसांवर आली होती. खरं सांगून टाकावं, असं विजयसिंहांच्या मनात दोनदा येऊन गेलं. पण देवळीपुढं बसलेली म्हातारी डोळ्यांपुढं आली की त्यांची जीभच उचलेना. तिनं विश्वासानं दिलेली एकुलती एक वस्तू आपण रस्त्यावर ठेवली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आणि मग माणूस भेकड झाला की जे करतो तेच त्यांनी केलं. तसाच दुसरा जोड करून घ्यायचं ठरवलं.

सुभाषनगरातल्या गुंडूमामांच्या घराण्यात चार पिढ्या पायताणं शिवत आल्या होत्या. विजयसिंहांनी मोबाईलमधला फोटो दाखवला. मामांनी चष्मा कपाळावर नेऊन तो पाहिला आणि हात जोडले.

"कापशीचं हाय. चांगल्या हाताचं."

"असंच पायजे, मामा. हुबेहूब. करकर पण पायजे. पण जुनं पायजे."

"जुनं पायताण मला करता येत न्हाई, साहेब."

"म्हणजे?"

"नवं मी करतो. जुनं पाय करत्यात."

सुदैवानं मामांकडं निम्मा झालेला जोड होता. सहाव्या माळेला दुपारी तो तयार झाला. सुंदर होता, पण त्याचा रंग नव्या नवरीसारखा लालबुंद, आणि तळ असा की ठोकला तर पाटासारखा वाजावा. विजयसिंहांनी तो तेलात भिजवला, चहाच्या पाण्यात बुडवला, चुलीची राख लावली, धुरावर धरला. मग पायात घातला, कारण दुसरा इलाज नव्हता.

नवी कोल्हापुरी चप्पल ज्यांच्या पायात गेली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्या गेली नाही त्यांना एवढंच सांगतो, ती चावते. पहिल्या तासात अंगठा गेला, दुसऱ्या तासात टाच.

"तीस वर्षं घातलेला जोड असतो तसा करायचाय," विजयसिंह दात-ओठ खात म्हणाले.

"दीड दिवसात?" संयोगिताबाई म्हणाल्या. "आपल्या लग्नाला तीस वर्षं झाली. तुम्ही अजून मऊ झाला न्हाईसा."

तरी ते चालले. पेठेतून चालले, रंकाळ्याला वळसा घालून चालले, पुन्हा पेठेत आले. करकर, करकर, आणि लंगडत. लोकांना वाटलं, दादांनी सांगितल्याप्रमाणं पदयात्रा सुरू झाली. घराघरातून माणसं बाहेर येऊ लागली. "पाणी दोन दिवसांआड येतंय, बघा जरा!" "कोपऱ्यावरचा दिवा कधी लावताय?" एका आजोबांनी त्यांना मध्येच थांबवून गळ्यात हार घातला. विजयसिंहांच्या पायातून रक्त येत होतं, ते पाहून आजोबा इतरांना म्हणाले, "बघा! असा माणूस पायजे." विजयसिंहांनी हात जोडले. दुसरं काय करणार? खाली बसायचीसुद्धा सोय नव्हती, बसले की लोक अर्ज देत.

अष्टमीला सकाळी ते मुरगूडच्या एसटीत बसले. पायांना पट्ट्या, पट्ट्यांवर घरातली रबरी स्लिपर, मांडीवर लाल फडक्यात बांधलेला जोड.

चिमणाबाई अंगणात मालकांची हत्यारं घासत होत्या. विळा, खुरपं, कुऱ्हाड. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. विजयसिंहांना बघून त्यांनी हात पदराला पुसले.

"आलासा? या, बसा."

घराच्या पुढच्या सोप्यात बसल्यावर विजयसिंहांनी फडकं दोन्ही हातांनी पुढं केलं. चिमणाबाईंनी गाठ सोडली. जोड उलटा केला, सुलटा केला, नाकाजवळ नेला.

"चाचा वास येतोय."

"अं... हॉलमध्ये चहा होता, आजी. सगळ्यांना."

"व्हय? मग हेच न्हवं आमचं?"

"हेच की."

"बघा बरं नीट. तुमची नजर लई बारीक हाय म्हंत्यात."

"हेच, आजी! आई अंबाबाईची शप्पत!"

शब्द तोंडातून गेला आणि विजयसिंहांना कळलं की आज अष्टमी आहे.  चिमणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या, आणि देवळीतून दुसरा जोड घेऊन आल्या. त्यावर झेंडूचं ताजं फूल होतं. त्यांनी तो चहाच्या वासाच्या जोडाशेजारी ठेवला.

 बाहेर कोंबडी कलकलत होती.

"मी आलतो की परदर्शनाला," चिमणाबाई म्हणाल्या. "तुम्हीच बोलावलंतं. पुतण्याबर यष्टीनं आलो. बघतोय तर उंबऱ्याला मालकांचं पायताण, आन त्याच्यावर कुणाचा तरी बूट काढल्याला. तुम्हास्नी हाक मारली. तुम्ही फोटू काढत हुतासा."

विजयसिंहांची मान खाली गेली.

"मग पदराखाली घेतलं आन आलो घरला. माझंच न्हवं का? पर तुमच्या जिवाला घोर नगं म्हून दुसऱ्या दिवशी पोराला दोनदा फोन लावाय लावला. तुम्ही उचलला न्हाईसा."

"आजी, चुकलो मी." विजयसिंह मान खाली घालूनच म्हणाले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा वाईट म्हणजे म्हातारी त्यांच्यावर ओरडत नव्हती. "रागावलाय तुम्ही."

"रागवू कशाला? चोरी तर मी केली. तुम्ही नुस्तं खोटं बोललासा."

हे त्या इतक्या सरळ बोलल्या की विजयसिंहांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात चिमणाबाईंचं लक्ष त्यांच्या पट्ट्यांकडं गेलं. "आन पायाला काय झालं?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. झोपाळा सांगितला, गुंडूमामा सांगितले, रंकाळा सांगितला, गळ्यातला हार सांगितला. चिमणाबाई तोंडावर पदर धरून हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

"आमच्या मालकांचं बी असंच पाय सोललं हुतं. नवं पायताण घालून वरातीत लंगडत आलं. मला वाटलं, बानं लंगडा नवरा बघितला!" त्यांनी जुना जोड मांडीवर घेतला. "मग मऊ झालं. कोल्हापूरला गूळ टाकून माघारी आलं की गल्लीच्या तोंडापासनं करकर ऐकाय यायची. मी चा ठेवायचो. आता वर्सातनं एकदा, खंडेनवमीला, पूजा झाली की मी ह्ये दोन हातात घेतो आन जरा भुईवर चालिवतो. तेवढंच मालक घरला आल्यागत वाटतं."

विजयसिंहांच्या पुठ्ठ्यावर साल होतं, गाव होतं, कातडं होतं. हे नव्हतं. त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि या वेळी पाय बघायला नव्हे.

चहा झाला. निघताना त्यांनी नवा जोड फडक्यात गुंडाळायला घेतला, तर चिमणाबाईंनी फडकं काढून घेतलं. "बांधून कशाला न्हेताय? तुमच्या पायाचं रगत लागलंय त्याला. आता ते तुमचंच. घालून जावा. स्लिपर द्या हिकडं, मी पिशवीत घालून देतो."

नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. ते उंबऱ्याबाहेर आले, पट्ट्यांसकट पाय नव्या पायताणात सारले आणि गल्लीतून निघाले. करकर, करकर. समोरच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या शेजारीण तानाबाईंनी मान वर केली.

"चिमणाबाई, कोण गं पावणं?"

"कोल्लापूरचं. आमचं पायताण माघारी द्याय आलतं."

"मग घालून का चाललंय?"

विजयसिंह थांबले नाहीत. गल्लीत आणखी दोन दारं उघडली. त्यांनी मान खाली घालून पावलं भरभर उचलली, पण गुंडूमामांनी काम चोख केलं होतं. ते जितक्या घाईनं पळ काढत होते, तितकं पायताण मोठ्यानं वाजत होतं.